टपावरची दीडफुटी काडी

रूळ ओलांडायच्या आधी टेंपोतून उतरायचं, हे काम माझं होतं. आण्णा, म्हणजे माझे वडील, पहाटे रेल्वेलाइनीपलीकडच्या चार गावांतलं दूध गोळा करून कोल्हापुरात आणत. थोडं आमच्या मंगळवार पेठेत घरोघरी जायचं, बाकीचं हॉटेलवाल्यांना आणि पेढेवाल्यांना. येता-जाता मधे एक फाटक लागायचं. फाटक म्हणायचं आपलं. तिथं ना दांडी, ना माणूस, ना घंटा. एक पत्र्याची पाटी, दोन्ही अंगाला टेंपोच्या टपाहून उंच ऊस, आणि रूळ नेमका तिथंच वळलेला. त्यात टेंपोचं इंजिन आणि मागं एकमेकांवर आदळणारे दुधाचे कॅन. शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, तिथं रेल्वे काय ऐकू येणार? म्हणून आण्णांनी नेम लावून घेतला होता. रुळाच्या वीस पावलं अलीकडं टेंपो थांबवायचा. मी उतरायचं, चालत रुळावर जायचं, दोन्हीकडं वाकून बघायचं, कान द्यायचा आणि मग हात वर करायचा. हात दिसला की आण्णा गिअर टाकायचे, टेंपो पलीकडं जायचा आणि मी पळत जाऊन परत चढायची. मला भाऊ नव्हता. एखाद्या पावण्यानं त्यावरून हळहळ केली तर आण्णा म्हणत, “पोरगी हाय की.” त्यापुढं त्यांनी कधी काही म्हटलं नाही आणि मलाही कधी कमी वाटू दिलं नाही.

घर दोन खोल्यांचं, पण आवाज दहा खोल्यांचा. साडेतीनला आई उठायची आणि तिच्याबरोबर सगळी भांडी उठायची. स्टोव्हला पंप मारण्याचा आवाज, गाळण्या धुण्याचा आवाज, कॅनची झाकणं अंगणात आपटून कोरडी करण्याचा आवाज, आणि त्या सगळ्यावर आईचा. आईचं बोलणं म्हणजे गल्लीला गजराचं घड्याळ होतं. भाकऱ्या थापता थापता ती आण्णांना, मला, शेजारणीला आणि देवालासुद्धा एकाच दमात झापायची. फडक्यात दोन भाकऱ्या, मिरचीचा खर्डा आणि कांदा बांधून ती माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, “वाटंत खावा. आणि ह्यांच्याकडं ध्यान ठेव गं, जांभया द्यायलेत.” आण्णा जांभया देत नव्हते. ते मुळात कमी बोलत, आणि आईला गप्प माणूस म्हणजे पेंगलेला माणूस वाटायचा. आमच्या अंगाला, कपड्यांना, माझ्या वेणीलासुद्धा दुधाचा वास यायचा. आज मला कुणी विचारलं की लहानपणाचा वास कसला, तर मी सांगेन, आंबूस. लोकांच्या लहानपणाला मोगऱ्याचा वास कसा येतो कोण जाणे.

मला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला आणि भानगड सुरू झाली. टेंपोतून उतरून मी तशीच कॉलेजला जायची. पावसाळ्यात त्या फाटकावर घोट्याएवढा चिखल. सलवारीचे पाय लडबडलेले, चपलांचा पचपच आवाज. वर्गात आम्ही मुली मोजून चार. त्यातली एक एकदा माझ्या पायांकडं बघून म्हणाली, “तू काय म्हशी धुऊन येतीस काय?” सगळे हसले. मीही हसले, पण त्या दिवशी मनात गाठ मारली की आता आपण उतरायचं नाही. रुळावर जायचं नाही, चिखलात पाय घालायचा नाही. काय करायचं ते कळत नव्हतं. उतरायचं नाही, एवढंच पक्कं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाला रजाक मिस्त्रींचं दुकान होतं. मंडळांचे माइकसेट, भोंगे, रेडिओ, सगळं तिथं दुरुस्तीला यायचं. मी कॉलेजातून येताना तिथं टेकायची आणि ते मला तारांना डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, शिकवायचे. एके दिवशी त्यांच्या टेबलावर एक काळं खोकं होतं, कुणाच्या तरी भाच्यानं आखातातून आणलेलं. मिस्त्रींनी बटण फिरवलं आणि त्यातून एक माणूस बोलला, “ऑल राइट, ड्रायवर साब, ऑल राइट.” मी दचकून मागं बघितलं. गाणी नाहीत, बातम्या नाहीत, कुणी तरी कुणाला तरी आत्ता, खरंखुरं बोलतंय. मिस्त्री म्हणाले, रेल्वेचा गार्ड आहे, इंजिनातल्या ड्रायव्हरशी आणि स्टेशनातल्या मास्तरशी ही माणसं बिनतारी बोलतात, हे खोकं ते ऐकतं. माझ्या अंगावर काटा आला. चोरून ऐकतोय याचा नव्हता तो. गाडी कुठं आहे हे रुळावर न जाता कळतं, याचा होता.

महिनाभर मिस्त्रींच्या मागं लागून मी ते खोकं आमच्या टेंपोसाठी मागून घेतलं. त्याच्याबरोबरची अँटेना म्हणजे बोटाएवढं रबरी दांडकं; टेंपोच्या पत्र्याच्या केबिनमधे ते बहिरंच. टपावर काहीतरी हवं होतं. मिस्त्रींनी टेबलावर दोन प्रकार मांडले. आण्णा मुद्दाम आले होते, हात पाठीमागं बांधून उभे.

“ही एक,” मिस्त्री म्हणाले. “टपाच्या मधोमध भोक पाडायचं, खालनं नट आवळायचा. केबल आतल्या आत. हलत न्हाय, तुटत न्हाय. टेंपो मरंल पर ही मरायची न्हाय.”

“टपाला भोक?” आण्णा म्हणाले. “पावसात माझ्या डोक्यावर धार लागंल की.”

“आणि ही दुसरी. दीड फुटाची काडी, खाली लोहचुंबक. टपावर ठेवली की चिकटली. भोक न्हाय, काय न्हाय. पर केबल दारातनं आत घ्याय लागती.”

मी लगेच चुंबकवाली उचलली. मला ती आवडली होती. ठेवली की चिकटते, काढली की निघते, पोलीस दिसला की लपवता येते. मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. “मंगल, तुझं दार दिवसातनं किती वेळा आपटतंय बघ. केबल त्याच्यात चेंगारती. आत तार तुटली तर भायनं कळत बी न्हाय. माझं ऐक, भोक पाड.” मी म्हणाले, “आता दार आपटणारच न्हाय, मिस्त्री. मी उतरणारच न्हाय.” ते हसले. मग म्हणाले की असलं ऐकायला सरकारी परवाना लागतो, गाजावाजा करू नका. आण्णांनी मान डोलावली. विचारलं मात्र त्यांनी मला, “हीच घ्यायची न्हवं?” त्या क्षणाचं मला आजही नवल वाटतं. आयुष्यभर म्हैस पारखून घेणारा माणूस, कास दाबून, दात बघून, चार जणांना विचारून. आणि इथं अठरा वर्षांच्या पोरीनं बोट दाखवलं आणि त्यानं मान्य केलं. मला शिक्षण होतं ना, म्हणून.

पहिला आठवडाभर आण्णांनी मला तरीही उतरवलं. मी रेडिओवर ऐकून सांगायची, “मालगाडी रुकडी स्टेशनातनं सुटली, आता येती,” आणि मग रुळावर जाऊन उभी राहायची. आणि गाडी यायची. मी “काय न्हाय” म्हणायची आणि काही नसायचं. आठव्या दिवशी आण्णा थांबले, माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, आणि त्यांनी मला न उतरवता टेंपो पलीकडं घातला. काय आनंद झाला म्हणून सांगू. त्या दिवशी मी कोरड्या पायांनी वर्गात गेले. पावसाळा सगळा तसाच गेला. आण्णा गावात दूध मोजून घेताना गवळ्यांना हळूच सांगायचे, “माझी पोरगी रेल्वे ऐकती.” माझ्या एका शब्दावर ते टेंपो थांबवत आणि एका शब्दावर पुढं घालत. या माणसानं घरात आईचं सोडून कुणाचं ऐकलं नव्हतं.

मिस्त्रींनी मला एक बटण दाखवून ठेवलं होतं. ते एका बाजूला फिरवलं की रेडिओ नुसता खरखरायचा, दुसऱ्या बाजूला नेलं की गप्प बसायचा आणि कुणी बोललं तरच तोंड उघडायचा. आण्णांना ती खरखर सहन व्हायची नाही, म्हणून मी तो गप्प ठेवायची. मधेच शंका आली तर बटण फिरवून खरखर ऐकायची. खरखर आली म्हणजे रेडिओ जिवंत आहे आणि त्याचे कान उघडे आहेत, असं मी धरून चालले होते. मला कुणी शिकवलं नव्हतं ते. माझं मीच ठरवलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडं टेंपोचा सण असायचा. आईनं घटावर बांधायच्या कडाकण्या तळल्या होत्या, घरभर गूळ आणि तेलाचा वास. आण्णांनी टेंपो गल्लीत लावून धुतला. मी टपावरची काडी काढली, पुसली, धुणं झाल्यावर परत ठेवली. केबल दाराच्या फटीत बसवली. दार नीट लागेना, तेव्हा आईनं पूजेचं ताट एका हातात धरून दुसऱ्या हातानं ते दाणकन आपटलं. झेंडूची माळ, लिंबू, हळदीकुंकवाचे पट्टे. नारळ फोडला आणि आम्ही सगळे टेंपोच्या पाया पडलो. त्यात कुठंही काही चुकलं असं कुणाला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सणाला दूध दुप्पट लागायचं, बासुंदीवाले दारात उभे असायचे. परतीचा पाऊस रात्री पडून गेला होता. मी आईनं शिवलेला नवा ड्रेस घातला होता, अबोली रंगाचा, कारण तिथूनच मैत्रिणीकडं जायचं होतं. दूध भरून परत येताना फाटकाजवळ आण्णांनी वेग कमी केला. उजाडलं होतं, उसावर धुकं होतं.

“काय म्हणतंय?” आण्णांनी विचारलं.

मी बटण फिरवलं. खरखर आली. परत गप्प केलं. “काय न्हाय.”

“आज सकाळपास्नं एकदा बी बोललं न्हाय ते.”

“सण हाय. मालगाड्या बंद असतील.”

आण्णांनी टेंपो थांबवला. समोर चिखल चकाकत होता. “उतरून बगतीस काय?”

मी माझ्या ड्रेसकडं बघितलं. मी म्हणाले, “चला की आण्णा. म्हणाले न्हवं काय न्हाय म्हणून.”

त्यांनी गिअर टाकला.

पुढची चाकं रुळावर चढली आणि डावीकडं धुक्यातून इंजिनाचं तोंड बाहेर आलं. लांब नाही, जवळ. त्यावरचे आकडे वाचता येतील इतकं जवळ. हॉर्न त्यानंतर ऐकू आला, किंवा मला तसं वाटतं. आण्णांनी ब्रेक दाबला असता तर आज हे लिहायला मी नसते. त्यांनी ब्रेक दाबला नाही, पाय होता तिथं आणखी दाबला. टेंपो उडी मारल्यासारखा पुढं गेला आणि मागून कुणीतरी आम्हाला उचलून भिरकावलं. जग गोल फिरलं. काच, ऊस, आभाळ, परत ऊस. मग टेंपो थांबला आणि शेजारून डबे जात राहिले, धडाड धडाड, किती तरी वेळ. ती एवढी मोठी मालगाडी आमच्या शेजारून चालली होती आणि माझ्या मांडीवरचा रेडिओ गप्प होता. मी त्याच्याकडं बघत होते. मला एवढंच वाटत होतं की हा बोलला कसा नाही.

“हात हलव,” आण्णा म्हणाले. मी हलवला. “पाय हलव.” हलवले. त्यांच्या कपाळातून रक्त वाहून कानात जात होतं. मला धड बघितल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते रेडिओ हिसकून घेण्याचं. केबल उपटली, खोकं उसात लांब फेकलं, खाली पडलेली काडी वाकवून तीही फेकली. टेंपोचा मागचा सांगाडा कागदासारखा चुरगळला होता. कॅन लाइनीवर, बांधावर, उसात, आणि चार गावांचं दूध खडीत जिरत चाललेलं. गाडी पुढं जाऊन थांबत होती. आण्णांनी मला दंडाला धरून उसाच्या सरीत ढकललं. “तू टेंपोत न्हवतीस. समजलं? पलीकडनं रस्त्याला लाग. तू ह्यात न्हाईस.” मी गेले. एक शब्द न बोलता गेले, याचा मला आजवर धक्का बसतो.

सरीतून फिरून मी रस्त्यावर आले तोवर माणसं जमली होती. मी त्यांच्यात उभी राहिले. इंजिनाचा ड्रायव्हर बांधावर बसला होता, कुणीतरी त्याला पाणी दिलं. मग पोलीस आला आणि आण्णांना विचारायला लागला. मी दहा पावलांवर होते, सगळं ऐकू येत होतं.

“बरोबर कोण हुतं?”

“मी एकटाच हुतो.”

“गाडी दिसली न्हाय?”

“डुलकी लागली, साहेब. माझीच चूक हाय.”

माझ्या शेजारी खुरपणीला निघालेली एक बाई होती. ती माझ्या पायांकडं, ड्रेसवरच्या उसाच्या पात्यांकडं बघत म्हणाली, “तू कुणाची गं?” मी म्हणाले, “कुणाची न्हाय. रस्त्यानं निघालते.”

आण्णांवर केस झाली. गाडी चालवायचा परवाना गेला, टेंपो भंगारात गेला. ते परत कधी कुठल्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसले नाहीत. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या दारात वॉचमन म्हणून राहिले, निवृत्त होईपर्यंत. घरी त्यांनी आईला तेच सांगितलं जे पोलिसाला सांगितलं होतं. वर एवढंच जोडलं की पोरीला मागच्या गावात मावशीकडं सोडलं होतं, नशीब. टेंपो ओढून आणल्यावर मी एकदा तो बघायला गेले. माझ्या बाजूच्या दारात केबलचा वीतभर तुकडा अजून अडकलेला होता. बाहेरून धड दिसत होता. बोटांनी चाचपला तर आत मऊ लागला. सोलून बघितलं तर तार तुटलेली.

पण पुरतं कळलं ते वर्गात. सर अँटेना शिकवत होते. ते सहज म्हणाले की कुणी बोलत नसताना येणारी खरखर रेडिओची स्वतःची, आतल्या आत तयार होणारी असते. अँटेना काढून टाकली तरी ती येतच राहते. मी बाकावर बसले होते ती बसूनच राहिले. तास संपला, पोरं गेली, शिपाई झाडायला आला. मी खरखर ऐकून ‘चला’ म्हणाले होते. पुढं मी तेच शिकवायची नोकरी केली. दर वर्षी तो धडा आला की मी पोरांना पहिल्यांदा अँटेना काढून खरखर ऐकवायची आणि म्हणायची, बघा, बहिरा असला तरी बोलतोय. पोरं हसायची. मला एकदाही हसू आलं नाही.

आणि आई. आईनं आण्णांना सोडलं नाही. जेवायला बसले की सुरू. “झोपा काडा. टेंपो घालवला, आता फौंड्री घालवा.” पावण्यांत बसलं तरी तेच, “आमचं मानूस झोपाळू.” आण्णा मान खाली घालून आमटीत भाकरी चुरत राहायचे. त्यांचं नावच पडलं ते. माझं लग्न झालं, मुलगा झाला. आण्णांनी एकदा नातवाला शेजाऱ्याच्या स्कूटरवरून चक्कर मारून आणतो म्हटलं तर आई दारात आडवी उभी राहिली. “पोराला ह्यांच्या मागं बसवू नगंस. झोपत्यात.” मी पोराला कडेवर घेतलं आणि आत गेले. आण्णा किल्ली परत देऊन आले. मी माझ्या बापाचा असा अपमान केला आणि त्यानं मला चहा विचारला. त्या संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, “आण्णा, सांगून टाकते मी आईला.” ते म्हणाले, “नगं. तिचं तोंड माझ्या अंगवळणी पडलंय. तुझ्या पडायचं न्हाय.” मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण सुटल्यासारखंच वाटलं.

आण्णांना जाऊन सात वर्षं झाली. त्या फाटकाखालून आता भुयारी रस्ता काढलाय, वरून विजेवरच्या गाड्या जातात, कुणाला उतरायची गरज नाही. आई माझ्याकडंच असते, ऐंशीच्या पुढची. गुडघे गेलेत, आवाज तेवढाच आहे. काल तिनं विचारलं, “दिसभर काय ल्हितीस गं?” मी म्हणाले, आण्णांचं. म्हणाली, वाच. मी दार लावून घेतलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. काही गाळलं नाही. ड्रेसचंसुद्धा नाही. मला वाटलं ती रडेल, मला मारेल, नाहीतर ‘मला म्हायती हुतं’ असं तरी म्हणेल. तिला काही माहिती नव्हतं. तिचा चेहरा बघूनच कळलं.

ती म्हणाली, “मग तू उतरली का न्हाईस?”

माझ्याकडं जे उत्तर होतं ते मी वाचूनच दाखवलं होतं.

“मी त्यांस्नी मरूस्तवर झोपाळू म्हणले,” आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “ताटावर म्हणले. चार मानसांत म्हणले. दवाखान्यात बी म्हणले, शेवटच्या दिशी. आणि तू शेजारी बसून भाकरी मोडत हुतीस.”